शहरी वाहतूक शाश्वत करताना गाडं अडतं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रहिवासी, लोकप्रतिनिधी, विद्यार्थी आणि नव्याने या क्षेत्रात आलेले अभियंते जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. सुरुवात सोप्यापासून आहे, किचकट अपवाद शेवटी येतात. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल तर तो प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. शाश्वत वाहतूक सुविधा म्हणजे नेमकं काय? इलेक्ट्रिक बस घेतल्या की झालं का?

नाही. बस हे वाहन झाले. पायाभूत सुविधा म्हणजे रस्ता, फुटपाथ, थांबा, चौक, सिग्नल, डेपो, पावसाळी गटार, वीज उपकेंद्र. त्यांच्याबाबत तीन गोष्टी तपासाव्या लागतात. बांधताना किती सिमेंट, पोलाद, डांबर आणि इंधन लागले? बांधल्यानंतर पुढची ३० ते ५० वर्षे ती लोकांना कशाने प्रवास करायला लावणार? पूर, उष्णता आणि रोजची झीज सोसून ती टिकेल का, आणि टिकवण्याइतका पैसा दरवर्षी मिळेल का?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत वजनदार आहे. आठपदरी रस्त्यावरच्या सगळ्या मोटारी विजेवर चालू लागल्या तरी धुराच्या नळीतला धूरच थांबतो. टायरची झीज, अपघात, रस्ता ओलांडता न येणे आणि जागा खाणे हे सगळे तसेच राहते.

२. तंत्रज्ञान सगळं उपलब्ध आहे म्हणतात. मग अडतं कुठे?

बहुतेक ठिकाणी नियमांत आणि हिशेबाच्या पद्धतीत. ब्राझीलमधील कुरितिबाने १९७४ मध्येच बससाठी स्वतंत्र मार्गिका चालवून दाखवल्या, त्यामुळे कसे करायचे हा प्रश्न तेव्हापासून उरलेला नाही. आज काम अडते ते पैसा कोणत्या शीर्षाखाली मिळतो यावर (प्रश्न ८), लाभ कसा मोजला जातो यावर (प्रश्न ९), एकाच रस्त्यावर किती खात्यांचा हक्क आहे यावर (प्रश्न १०), निविदेतल्या जुन्या अटींवर (प्रश्न ११) आणि कडेला उभ्या असलेल्या मोटारी हलवण्याच्या तयारीवर (प्रश्न १५).

आमच्या मते पहिल्या दोन गोष्टी सर्वाधिक नुकसान करतात, कारण त्या कुणाच्या लक्षात येत नाहीत. जाहीर चर्चा सुरू होण्याआधीच त्यांनी प्रकल्प निवडलेला असतो.

३. रस्ता रुंद केला की कोंडी सुटते, इंधन वाचते. मग रुंदीकरणाला विरोध कशासाठी?

कोंडी सुटते, पण थोड्या काळासाठी. मोकळा रस्ता दिसला की आधी दुसऱ्या रस्त्याने जाणारे इकडे वळतात आणि गर्दीची वेळ टाळणारे पुन्हा त्याच वेळेला निघू लागतात. हे काही आठवड्यांत घडते. मग बसने जाणारे काही जण मोटार काढतात. काही वर्षांत घरे, दुकाने, कचेऱ्या त्या रस्त्याच्या भरवशावर लांब जातात आणि ती मागणी कायमची होते. गाइल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी महानगरांची आकडेवारी तपासून दाखवले की महामार्गांची मार्गिका-लांबी (रस्त्याची लांबी गुणिले मार्गिकांची संख्या) जितके टक्के वाढते, वाहनांनी कापलेले अंतरही जवळजवळ तितकेच टक्के वाढते. ह्यूस्टनमधला केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद करून झाला. सेवारस्ते धरले तर काही भागांत तो २० पदरांहून मोठा आहे, तरी काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

प्रकल्प अहवालात इंधनबचतीचा आकडा दिसला की एकच गोष्ट विचारा: वाहनांची संख्या प्रकल्प झाला तरी आणि न झाला तरी सारखीच धरली आहे का? तशी धरली असेल तर ती बचत फक्त कागदावर आहे. रुंदीकरण योग्य ठरते अशाही जागा असतात, त्या प्रश्न २० मध्ये.

४. आमच्या रस्त्यावर जागाच नाही. बसमार्गिका, सायकल मार्ग, फुटपाथ हे सगळं कुठे बसवणार?

आधी फीत घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत रुंदी मोजा. 'जागा नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'जागा कशाला तरी दिलेली आहे' असा निघतो. २४ मीटर रुंदीच्या रस्त्याचा छेद (रुंदीची आडवी वाटणी) असा बसतो: दोन्ही कडांना २.५ मीटरचे फुटपाथ (५.०), दोन्ही बाजूंना २ मीटरचे सायकल मार्ग (४.०), सायकल आणि वाहने यांच्यामध्ये ०.६ मीटरची उंच पट्टी (१.२), ३.३ मीटरच्या दोन बसमार्गिका (६.६), ३.१ मीटरच्या दोन सर्वसाधारण मार्गिका (६.२) आणि १ मीटरचा दुभाजक. बेरीज बरोबर २४. कडेचे पार्किंग मात्र यात नाही, आणि खरा वाद त्यावरूनच होतो.

थांबा आला की हिशेब बिघडतो. प्रवाशांना उभे राहायला किमान २.५ मीटरचा फलाट लागतो. दोन्ही दिशांचे थांबे समोरासमोर ठेवू नका, पुढेमागे सरकवा. मग त्या टप्प्यात दुभाजकाचा १ मीटर, मधल्या पट्टीचे ०.६, सायकल मार्गातले ०.४ आणि फुटपाथातले ०.५ असे घेऊन फलाट निघतो. सायकल मार्ग फलाटाच्या मागून न्यायचा. पुढून नेला तर प्रत्येक बस त्याच्यावर चढते.

१२ मीटरच्या रस्त्यावर हे सगळे कोंबू नये. तिथे वेग ताशी ३० किलोमीटरवर आणून, मार्गिका अरुंद करून सायकल आणि वाहने एकत्र चालवावीत, फुटपाथ मात्र १.८ मीटरपेक्षा कमी करू नये. खांब, डीपी बॉक्स आणि झाडांचे आळे वगळून १.८ मीटर मोकळे उरले पाहिजेत. आराखड्यात रुंद दिसणारा फुटपाथ प्रत्यक्षात याच वस्तूंनी अडवलेला असतो.

५. बसमार्गिका रिकामी दिसते आणि शेजारी मोटारी खोळंबलेल्या असतात. ही जागेची नासाडी नाही का?

मार्गिका रिकामी दिसते कारण तिच्यातली वाहने पुढे निघून गेलेली असतात. दर मिनिटाला ६० प्रवाशांची एक बस गेली तर तासाला ३,६०० माणसे जातात. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर मोटारींच्या एका मार्गिकेतून तासाला ६०० ते १,६०० माणसे जातात. पण बस दर १५ मिनिटांनीच येत असेल तर तुमचा आक्षेप बरोबर आहे. तिथे पूर्ण मार्गिका देण्याऐवजी चौकाआधीच्या टप्प्यात बसला वेगळी वाट आणि सिग्नलला अग्रक्रम द्यावा.

याहून मोठा फायदा फारसा कुणी सांगत नाही. एका मार्गावर जाऊन-येऊन फेरी ९० मिनिटांची असेल आणि दर १० मिनिटांनी बस हवी असेल, तर ९ बस लागतात. कोंडीमुळे फेरी १२० मिनिटांची झाली की तीच सेवा द्यायला १२ बस लागतात, शिवाय तेवढे जास्त चालक. प्रवासी एकही वाढलेला नसतो. म्हणजे कोंडीमुळे बससेवेचा खर्च एक तृतीयांशाने वाढतो आणि तो तोटा बसच्या नावावर लिहिला जातो.

६. बीआरटी काही शहरांत उत्तम चालते, काही ठिकाणी उखडून टाकली. फरक कशामुळे पडतो?

बीआरटी म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा. कोलंबियातील बोगोताची ट्रान्समिलेनिओ ही अशी सेवा डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि गर्दीच्या तासाला एका दिशेने ४०,००० च्या आसपास प्रवासी वाहून दाखवू शकली. दिल्लीची ५.८ किलोमीटरची मार्गिका २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये काढून टाकली. दोन्हीकडे बस रस्त्याच्या मधोमधच धावत होती. बिघाड तपशिलांत असतो:

- फलाट चौकाला चिकटलेला. सिग्नलला थांबलेली बस फलाट अडवते, मागच्या बसला आत येता येत नाही आणि रांग लागते. चौक आणि फलाट यांच्यात रांगेपुरते अंतर हवे.
- लांबलचक सिग्नल चक्र. चारही दिशांना सरळ आणि वळणाच्या वेगळ्या वेळा दिल्या की चक्र तीन-चार मिनिटांवर जाते. काही वळणे बंद करून चक्र दोन मिनिटांच्या आत आणावे लागते. वळण बंद केल्यावर ओरड होते म्हणून हे टाळले जाते आणि तिथेच प्रकल्प फसतो.
- तिकीट बसमध्ये, दार एकच, पायरी उंच. एका थांब्यावर ४० सेकंद गेले तर स्वतंत्र मार्गिकेचा फायदा तिथेच संपतो. तिकीट फलाटावर आणि फलाट बसच्या जमिनीच्या पातळीला हवा.
- मार्गिका फार आखूड. पाच-सहा किलोमीटरच्या तुकड्यात प्रवाशाची दोन-चार मिनिटे वाचतात. मोटारचालकाचा त्रास मात्र पहिल्या दिवसापासून डोळ्यांवर येतो.

७. मेट्रो येतेच आहे. मग फुटपाथ आणि बसवर कशाला खर्च?

कारण स्थानकापर्यंत पोहोचावे लागते. माणसे साधारण ५०० ते ८०० मीटर चालतात, तेही चालण्यासारखी वाट असेल तर. मेट्रो दाट, सतत भरलेल्या पट्ट्यात शोभते. बेंट फ्लुव्ब्यर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रकल्प तपासले, त्यात रेल्वे प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी सुमारे ४५ टक्के वाढला होता, रस्त्यांचा सुमारे २० टक्के. त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात रेल्वेचे प्रत्यक्ष प्रवासी सरासरी अंदाजाच्या निम्मे निघाले. भुयारी स्थानकात काँक्रीट आणि पोलाद प्रचंड लागते. ते कार्बनचे कर्ज फिटायचे तर गाड्या भरून धावल्या पाहिजेत, आणि त्या भरणार बस आणि फुटपाथच्या जिवावर.

८. नवीन बांधायला पैसे मिळतात, चालवायला का मिळत नाहीत?

उड्डाणपूल किंवा मेट्रो भांडवली खर्चात बसते. त्यासाठी कर्ज, अनुदान आणि वरच्या सरकारचा वाटा मिळतो. चालकांचे पगार, फुटपाथची दुरुस्ती, सिग्नलची देखभाल हा महसुली खर्च, तो शहराने दरवर्षी स्वतःच्या उत्पन्नातून भागवायचा. त्यामुळे १० वर्षे निगा राखण्यापेक्षा १० व्या वर्षी उखडून नवे बांधणे शहराला सोयीचे पडते. हा कुणाचा नालायकपणा नाही, हिशेबाच्या रचनेतच तसे प्रोत्साहन आहे.

उपाय आहेत. फ्रान्समध्ये १९७१ पासून नोकरी देणाऱ्या संस्थांवर पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर आहे आणि तो सेवा चालवायलाही वापरता येतो. हाँगकाँगची रेल्वे कंपनी स्थानकांभोवतीच्या जमिनीच्या विकासातून पैसा उभा करते. पण हे जिथे जमीन एकाच्या ताब्यात आणि मागणी प्रचंड, तिथेच जमते. नुसते नाव उचलून नक्कल केली की स्थानकाभोवती महागडी पार्किंगवाली संकुले उभी राहतात. सर्वांत साधा उपाय असा की बांधकामाच्या मंजुरीतच पहिल्या १५ वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळ्या, दुसरीकडे वळवता न येणाऱ्या खात्यात टाकण्याची अट घालावी.

९. खर्च-लाभ विश्लेषणात रस्ते प्रकल्पच का जिंकतात?

दोन कारणे आहेत. पहिले, लाभाचा मोठा वाटा 'वाचलेला वेळ' या एका रकान्यातून येतो. लाखो मोटारचालकांची प्रत्येकी दोन मिनिटे गुणली की आकडा फुगतो. रस्ता ओलांडायला पादचाऱ्याला लागणारा जास्तीचा वेळ बहुतेक प्रतिमानांत असतच नाही.

दुसरे कारण सवलत दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या लाभाचे आजचे मूल्य काढताना दरवर्षी जितके टक्के कमी धरतात तो दर. ४० वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या लाभाचे आजचे मूल्य ३ टक्के दराने सुमारे ३१ रुपये भरते, ८ टक्क्यांनी ४ रुपये ६० पैसे आणि १२ टक्क्यांनी जेमतेम १ रुपया. चांगला निचरा, झाडांची सावली, जास्त टिकणारे काँक्रीट यांचे लाभ उशिरा येतात, म्हणून चढ्या दरात ते नाहीसे होतात. अहवाल हाती आला की किमान दोन वेगळ्या दरांनी केलेला हिशेब मागा. दर बदलताच प्रकल्पांचा क्रम पालटत असेल, तर ती निवड गणिताची नसून धोरणाची आहे आणि ती लोकप्रतिनिधींनी उघडपणे करायला हवी.

१०. नवा रस्ता झाला की महिन्याभरात खोदतात. खात्यांचा मेळ का बसत नाही?

पाणी, मलनिस्सारण, वीज, गॅस आणि केबल यांची खाती वेगळी, त्यांची अंदाजपत्रके वेगळ्या महिन्यांत मंजूर होतात. जमिनीखालच्या वाहिन्यांचे नकाशे जुने किंवा चुकीचे असतात. निविदेत वाहिन्या हलवण्यासाठी ठोक रक्कम टाकलेली असते. खोदल्यावर वेगळेच निघते आणि काम थांबते.

क्रम असा हवा: आराखड्याआधी रडारने जमिनीखालची पाहणी, शंकेच्या जागी हाताने खोदलेले चाचणी खड्डे, मग छेद ठरवणे, प्रत्येक खात्याला पुढील पाच वर्षांचे काम आत्ताच करण्याची मुदत, आणि शेवटी रस्ता. फुटपाथखाली उघडता येण्याजोगी फरशी आणि रिकामे नळ आधीच टाकून ठेवले तर पुढची केबल खोदकामाशिवाय ओढता येते.

सेवा एकत्र आणणेही जमते. हॅम्बुर्गने १९६५ मध्ये सगळ्या वाहतूक कंपन्यांचे तिकीट आणि वेळापत्रक एका संघात आणले. सिंगापूरचे भू-वाहतूक प्राधिकरण १९९५ चे, लंडनचे २००० चे. मात्र ज्या प्राधिकरणाच्या हाती रस्त्याची जागा आणि पैसा दोन्ही नाहीत, ते फक्त बैठका घेते.

११. कमी कार्बनचं डांबर, सिमेंट मिळतं. ठेकेदार ते वापरत का नाहीत?

बहुतेक वेळा निविदाच त्यांना अडवते. सिमेंट उद्योगातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडचा ७ ते ८ टक्के वाटा येतो, म्हणून लोखंडाच्या भट्टीतली मळी किंवा कोळशाची राख मिसळलेले सिमेंट महत्त्वाचे. पण निविदेत 'दर घनमीटरला किमान इतके साधे सिमेंट' आणि '२८ दिवसांत इतकी मजबुती' लिहिलेले असते. मळीचे काँक्रीट हळू पकते. त्याची मजबुती ५६ दिवसांनी तपासायची मुभा हवी, पाण्याने निगा जास्त दिवस हवी आणि रस्ता खुला करण्याची तारीखही त्याप्रमाणे हवी. घाईच्या कामात तेच साहित्य वापरले तर पृष्ठभाग सुटतो आणि दोष साहित्याला लागतो.

डांबराचे तसेच. गरम मिश्रण साधारण १५० ते १७० अंश सेल्सिअसला बनते, कोमट मिश्रण २० ते ४० अंश खाली बनवता येते. इंधन वाचते आणि मजुरांना धूर कमी लागतो. जुना थर खरवडून पुन्हा वापरायचा असेल तर तो छपराखाली, स्रोतानुसार वेगळ्या ढिगांत ठेवावा. ओला माल सुकवण्यातच वाचलेले इंधन जाते. जुने डांबर कडक झालेले असते, त्यामुळे प्रमाण वाढवताना मऊ डांबर किंवा पुनरुज्जीवक मिसळला नाही तर भेगा पडतात.

निविदेत कृती लिहू नका, कामगिरी लिहा: किती मजबुती, किती वर्षे टिकाव, दर टन मालाला किती कार्बन. आणि दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काम बिघडले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, वाढवा.

१२. पाणी मुरणारी फरसबंदी लावली, दोन वर्षांत मुरणं बंद झालं. का?

गाळाने छिद्रे बुजली. शेजारी बांधकामाची वाळू टाकणे, उताराची माती वाहून येणे, झाडूने कचरा सांध्यांत ढकलणे ही नेहमीची कारणे. वर्षातून एक-दोनदा गाळ ओढून घेणाऱ्या यंत्राने सफाई लागते. ते यंत्र विकत घेतल्याशिवाय ही फरशी घेऊच नये. चिकणमातीच्या जमिनीत खाली छिद्रांची निचरा नळी टाकावी लागते. फुटपाथ आणि पार्किंगला ती योग्य, बस वळते तिथे नाही.

१३. इलेक्ट्रिक बस आल्या, पण डेपोत उभ्या आहेत. नेमकं काय चुकतं?

क्रम चुकतो. बस वर्षभरात येते. उच्चदाब जोडणी, रोहित्र आणि उपकेंद्राची जागा मिळायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणून वीज आधी, बस नंतर.

वीज किती लागेल ते काढणे सोपे आहे. १०० बस, रोज २०० किलोमीटर, किलोमीटरला १.२ युनिट: २४,००० युनिट. चार्जिंगमधली १० टक्के घट धरून २६,५०० च्या आसपास. रात्रीचे सहा तास मिळाले तर सरासरी मागणी ४.५ मेगावॉटच्या आत बसते. पण प्रत्येक बसला १२० किलोवॉटचा चार्जर देऊन सगळे एकदम सुरू केले तर १२ मेगावॉट लागतात. वेळा वाटून देणारी नियंत्रण प्रणाली बसवली तर जोडणी निम्म्याहून लहान पुरते.

दुसरी चूक बॅटरीच्या हिशेबात. ३०० युनिटच्या बॅटरीतली ८० टक्के वापरायची म्हटली तर २४० युनिट, म्हणजे नवी असताना २०० किलोमीटर. बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर उतरल्यावर तीच बस १६० किलोमीटर जाते. वातानुकूलन किंवा हीटर जोरात असेल तर आणखी कमी. २०० किलोमीटरचे वेळापत्रक मग कोलमडते. हिशेब पहिल्या वर्षाचा न करता शेवटच्या वर्षाचा करा.

जागेचेही आहे. डिझेल बस एकीला एक चिकटून उभ्या करता येतात. इथे चार्जर, केबल आणि आगीच्या दृष्टीने अंतर सोडावे लागते, त्यामुळे त्याच डेपोत कमी बस मावतात. चार्जरचा चौथरा आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीहून उंच घ्या. आणि वीज जोडणी कुणी आणायची, संस्थेने की पुरवठादाराने, हे करारात एका वाक्यात लिहा. बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात.

१४. इलेक्ट्रिक बस जड असतात. त्यांनी रस्ते खराब होतात हे खरं का?

होय. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्ता चाचण्यांतून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज एक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन २० टक्के वाढले की झीज साधारण दुप्पट. याचा अर्थ बस नको असा होत नाही, मालट्रक तर आधीपासूनच जड आहेत. थांब्यांवर आणि चौकाआधी डांबर सरकून खोलगट पट्टे पडतात. तेवढ्या टप्प्यात काँक्रीटची लादी टाका आणि बॅटरी गरजेपेक्षा मोठी घेऊ नका.

१५. दुकानदार म्हणतात पार्किंग गेलं की धंदा बसेल. त्यांना काय सांगायचं?

सांगण्याआधी मोजा. दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, दर अर्ध्या तासाने कडेच्या गाड्यांचे क्रमांक टिपा. कोणती गाडी किती वेळ उभी होती ते कळते. पुष्कळदा अर्ध्या जागा दुकानांचे मालक, कर्मचारी आणि वरच्या मजल्यावरचे रहिवासी दिवसभर अडवून असतात, ग्राहकाला जागा मिळतच नाही. मग ग्राहकांना विचारा, कशाने आलात. अनेक शहरांच्या पाहण्यांत दुकानदारांनी मोटारीने येणाऱ्यांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगितलेले आढळले आहे.

त्यांची एक तक्रार मात्र नेहमी खरी असते: माल उतरवायचा कुठे? दर ८० ते १०० मीटरला मालाची जागा आणि ठरलेली वेळ दिली नाही, तर टेम्पो सायकल मार्गावर उभा राहणारच. फर्निचर, हार्डवेअर अशी दुकाने खरोखर वाहनावर अवलंबून असतात. त्यांना ग्राहकाने माल भरण्यासाठी १५ मिनिटांची जागा राखावी.

१६. इमारतीतच भरपूर पार्किंग सक्तीचं केलं तर रस्ता मोकळा होईल ना?

उलट होते. येण्या-जाण्याची वाट धरून एका मोटारीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात. तो खर्च घराच्या किमतीत मिसळतो, मोटार नसलेलाही भरतो. आणि पार्किंग फुकट मिळाले की मोटार घेणे सोपे होते. साओ पाउलोने २०१४ मध्ये वाहतूक मार्गांलगत ही सक्ती काढली, मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये किमानऐवजी कमाल मर्यादा आणली. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून मोटार नोंदवताना ती ठेवायला जागा आहे हे दाखवावे लागते. सक्ती काढताना रस्त्यावरच्या पार्किंगला त्याच वेळी शुल्क लावावे, नाहीतर गाड्या शेजारच्या गल्लीत जातात.

१७. गर्दी शुल्क म्हणजे श्रीमंतांना मोकळा रस्ता आणि गरिबांना दंड नाही का?

गर्दी शुल्क म्हणजे शहराच्या गजबजलेल्या भागात मोटार नेण्यासाठी घेतलेला पैसा. उत्तर आखणीवर अवलंबून आहे. जिथे गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यात मोटारीने जाणारे मुख्यतः सुस्थितीतले असतात आणि पैसा बसमध्ये जातो, तिथे फायदा बसने जाणाऱ्यांना होतो. बस नाहीच, अशा उपनगरातून पहाटे पाळीला येणाऱ्या कामगाराला मात्र ते खरेच जाचते. म्हणून सेवा आधी वाढवायची. स्टॉकहोमने ऑगस्ट २००५ मध्ये वाढीव बस सुरू केल्या, जानेवारी ते जुलै २००६ शुल्काचा प्रयोग केला, शुल्कक्षेत्राची हद्द ओलांडणारी वाहने सुमारे २० टक्के घटली, मग सप्टेंबरमध्ये मतदान घेतले आणि ते निसटत्या बहुमताने जिंकले. एडिनबराने २००५ मध्ये आणि मँचेस्टरने २००८ मध्ये अनुभव येण्याआधीच मतदान घेतले, दोन्हीकडे सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त मतदारांनी नकार दिला. न्यूयॉर्कची योजना जून २०२४ मध्ये सुरू होण्याच्या तोंडावर थांबवली गेली आणि ५ जानेवारी २०२५ ला १५ ऐवजी ९ डॉलर शुल्काने सुरू झाली.

१८. बस फुकट केली तर सगळे बसने जाणार नाहीत का?

थोडे जातात. एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ मध्ये रहिवाशांसाठी प्रवास मोफत केला. बसचे प्रवासी थोडे वाढले, मोटारींचा वापर मात्र अपेक्षेप्रमाणे घटला नाही. ज्याला भाडे परवडत नाही त्याच्यासाठी सवलत जरूर द्या. मोटारवाल्याला मात्र भाड्यापेक्षा बस कधी येईल याची चिंता जास्त असते, त्यामुळे तेच पैसे फेऱ्या वाढवण्यात आणि प्रश्न ५ मधल्या मार्गिकेत जास्त उपयोगी पडतात.

१९. खासगी मिनीबस आणि सहाआसनी चालकांचं काय? त्यांच्या विरोधाने प्रकल्प बंद पडतात.

त्यांचा विरोध समजण्यासारखा आहे, त्यांची रोजी त्या मार्गावर असते. मेक्सिको सिटीने २००५ मध्ये मेट्रोबस सुरू करताना त्या रस्त्यावरच्या मिनीबस मालकांची कंपनी करून तिलाच बस चालवायला दिल्या आणि जुन्या गाड्या मोडीत काढल्या. जोहान्सबर्गमध्ये २००९ च्या रेआ वाया बससेवेत टॅक्सीमालकांना चालवणाऱ्या कंपनीत भागधारक केले. वाटाघाटीपूर्वी मालक, चालक आणि मदतनीस यांची वेगवेगळी नोंद घ्या. नुकसानभरपाई मालकाला मिळते आणि भाड्याने गाडी चालवणारा रिकाम्या हाताने घरी जातो, ही सर्वांत जास्त घडणारी आणि सर्वांत अन्यायाची चूक आहे.

२०. रस्ता रुंद करणं कधीच योग्य नसतं का?

असते. बस अडकते अशा अरुंद पुलाजवळ, रुंदी थेट बसला किंवा फुटपाथला मिळणार असेल तेव्हा. वारंवार अपघात होणाऱ्या वळणावर. नव्या वस्तीत, जिथे आज गल्ल्यांचे जाळे आखले नाही तर पुढे सगळी वाहने एकाच रस्त्यावर येतील. तिथेही एक रुंद रस्ता बांधण्यापेक्षा जवळजवळ आखलेले अनेक अरुंद रस्ते बरे. रुंदीकरणासाठी मोठी झाडे जाणार असतील तर आधी पार्किंगची रांग काढून छेद बसतो का ते पाहा (प्रश्न ४).

२१. जुना उड्डाणपूल पाडणं पर्यावरणाच्या दृष्टीने वाया घालवणं नाही का?

त्यात खर्ची पडलेला कार्बन परत येत नाही, त्यामुळे तुलना पुढच्या खर्चाची करावी. पूल धड असेल आणि बस किंवा सायकलला वापरता येत असेल तर ठेवावा. मोठ्या दुरुस्तीची वेळ आली असेल तर पाडण्याचा पर्याय त्याच कागदावर मांडावा. सोलने २००३ ते २००५ मध्ये चोंगगेचॉनवरचा उन्नत रस्ता काढून खालचा ओढा खुला केला आणि २००४ मध्ये बससेवेची संपूर्ण फेररचना केली. सॅन फ्रान्सिस्कोत १९८९ च्या भूकंपाने एम्बार्कडेरो फ्रीवे खिळखिळा झाला, तो १९९१ मध्ये पाडला. पर्यायी सेवा न देता पाडणे ही मात्र चूकच.

२२. लोकांचा विश्वास बसावा म्हणून तात्पुरता प्रयोग करायचा आहे. काय काळजी घ्यावी?

आधीची स्थिती मोजल्याशिवाय तात्पुरती मार्गिका आखणारा एकही खांब रोवू नका. किमान दोन आठवडे, शाळा चालू असताना: बसचा प्रवासवेळ जीपीएसवरून, पादचारी आणि सायकलींची मोजणी, वाहनांचा वेग, शेजारच्या गल्ल्यांतली वाहने आणि प्रश्न १५ मधली पार्किंगची नोंद. शेजारच्या गल्ल्या विसरल्या की वाहतूक तिकडे सरकली या आरोपाला उत्तर उरत नाही.

प्रयोग आठवडाभराचा असेल तर फक्त गोंधळ दिसतो. लोकांनी मार्ग आणि वेळ बदलायला काही महिने लागतात, म्हणून सहा महिन्यांपेक्षा कमी नको. अपघात इतक्या काळात फार थोडे घडतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. वेग आणि थोडक्यात टळलेले प्रसंग मोजा. प्लास्टिकचे खांब तुटतात, म्हणून बसवलेल्यांच्या एक चतुर्थांश इतके जास्तीचे आणि दर आठवड्याला ते बदलणारे पथक आधीच ठरवा. काही महिन्यांत रंग फिका पडतो, पुन्हा रंगवण्याचा खर्च धरा. कोणते आकडे आले तर कायम करायचे, कोणते आले तर बदलायचे आणि कोणते आले तर काढायचे, हे पहिल्या दिवसाआधी लेखी जाहीर करा. निर्णय कोण घेणार त्या पदाचे नाव आणि निर्णयाची तारीखही त्याच कागदावर असू द्या.